बघतात तर काय

माझ्या पहिल्या भाषांतराच्या हस्तलिखितावर आप्पांनी पेन्सिलीनं शेरा मारला होता : 'म्हणजे हा माणूस हे बघायलाच एवढ्या लांब गेला होता का?'

पुस्तक मुलांसाठीचं होतं. ध्रुवप्रदेशांच्या शोधमोहिमांच्या गोष्टी, एकेक सात-आठ पानांची. ब्रिटिश कॅप्टन स्कॉट आणि नॉर्वेचा अमुंडसेन, दोघांची दक्षिण ध्रुवावर पहिलं पोहोचायची चढाओढ. त्या स्कॉटच्या गोष्टीच्या मधोमध एक वाक्य होतं. आपल्या लिपीत लिहायचं तर ते असं : 'स्कॉट रीच्ड द पोल ऑन सेव्हन्टीन्थ जानेवारी, ओन्ली टू फाइंड दॅट अमुंडसेन हॅड गॉट देअर फर्स्ट.' मी लिहिलं होतं, 'स्कॉट 17 जानेवारीला ध्रुवावर पोहोचला, फक्त हे पाहण्यासाठी की अमुंडसेन त्याच्या आधीच तिथे पोहोचला होता.'

शब्द शब्द सुटा करून तपासला तर यात चूक सापडत नाही. ओन्ली म्हणजे फक्त. टू फाइंड म्हणजे शोधण्यासाठी, पाहण्यासाठी. दॅट म्हणजे की. शब्दकोश माझ्या बाजूनं होता, आणि तरी वाक्य सपशेल खोटं होतं. स्कॉट अमुंडसेनचा झेंडा बघायला गेलेला नव्हता. तो पहिला पोहोचायला गेला होता.

आप्पांनी आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. ते स्वतः तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकले होते, कंदिलाच्या उजेडात, एकेक पाठ वहीत उतरवून. त्यांची एक सवय होती. भाषांतर तपासताना ते मूळ पुस्तक हातात घेत नसत. 'इंग्रजी मिटून ठेव,' ते म्हणायचे, 'आणि नुसतं मराठी वाच. आपल्या गल्लीतल्या पोराला यातून जे कळेल, तेवढंच तू लिहिलंयस. बाकीचं तुझ्या डोक्यात आहे, कागदावर नाही.' मी पुस्तक मिटलं आणि वाचलं. गल्लीतल्या पोराला जे कळलं असतं ते हेच, की स्कॉट हे बघायलाच गेला होता.

तेव्हापासून इंग्रजीतला तो एवढासा 'टू' माझ्या मागे लागलेला आहे. पुढे पुष्कळ भाषांतरं केली, कायद्याची कागदपत्रं, औषधांची माहितीपत्रकं, दोन कादंबऱ्या. अजूनही 'ओन्ली टू' समोर आलं की हात थांबतो.

शाळेत आठवीला संस्कृत घेतलेल्यांना 'हेत्वर्थक तुमन्त' आठवत असेल. गन्तुम्, कर्तुम्, पठितुम्. जाण्यासाठी, करण्यासाठी, वाचण्यासाठी. नावातच हेतू आहे. पाणिनीचं सूत्रही तेच सांगतं : 'तुमुन्ण्वुलौ क्रियायां क्रियार्थायाम्'. एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी केली जात असेल, तर त्या दुसरीला तुमुन्, म्हणजे हा '-तुम्' प्रत्यय, लागतो. आपल्याकडे हेच काम '-आयला' आणि '-ण्यासाठी' करतात. भाजी आणायला गेले. परीक्षा देण्यासाठी पुण्याला आला. आपल्या कानाला '-आयला' ऐकू आलं की मन लगेच पुढे बघतं, की माणूस कशासाठी निघाला, त्याला काय हवं आहे.

इंग्रजी 'टू'चंही मूळ तिथलंच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो साधा दिशा दाखवणारा शब्द होता, 'कडे' या अर्थाचा. 'टू लंडन' म्हणजे लंडनकडे, तसं 'टू सिंग' म्हणजे गाण्याकडे. क्रियापदाच्या शेवटी तेव्हा एक प्रत्यय असायचा, तो झिजून गेला आणि पुढचा 'टू' तेवढा राहिला. म्हणजे त्या भाषेतही 'टू' ऐकल्यावर वाचकाचं मन पुढे, मुक्कामाकडेच बघतं. आणि तिथेच इंग्रजीनं एक विलक्षण गोष्ट केली. हेतू बसायची जी जागा होती, तिथे तिनं फळ आणून बसवलं. तेही नको असलेलं फळ. 'रीच्ड द पोल, ओन्ली टू' एवढं वाचेपर्यंत आपण हेतूची वाट बघत असतो, आणि समोर येतो तो घात. मध्ये 'बट' नाही, 'अँड येट' नाही. विरोध दाखवणारा एकही शब्द वाक्यात नाही, तरी विरोध छातीत बसतो, कारण तो चुकीच्या जागेवर येऊन बसलाय.

त्या 'ओन्ली'चा अर्थही तिथे 'फक्त' राहत नाही. एवढी वणवण केली आणि हाती काय आलं तर हे, असा काहीसा सुस्कारा त्यात आहे. 'ओन्ली' नसेल तर गोष्ट आणखी अवघड होते. 'शी वेन्ट होम टू फाइंड हर मदर' म्हणजे ती आईला शोधायला घरी गेली. त्याच वाक्याच्या शेवटी 'गॉन' एवढा एकच शब्द जोडा, 'टू फाइंड हर मदर गॉन', की ती घरी गेली आणि आई तिथे नव्हतीच. शेवटच्या शब्दानं आधीचं सगळं वाक्य फिरवलं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं म्हणून मराठी ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबायची सवय असते, पण एखाद्या '-आयला'चा अर्थ असा मागे जाऊन बदलायची पाळी आपल्यावर येत नाही.

मराठीत हेतू आणि फळ यांची ताटातूट होत नाही असं अजिबात नाही. 'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.' यात 'करायला' हेतूचा आहे, अगदी पाणिनीच्या सूत्राबरहुकूम. पण मराठीनं त्या हेतूला हेतूच राहू दिलं आणि फळासाठी वेगळं क्रियापद आणलं. करायला गेलो माझा, झाला दैवाचा. दोन क्रियापदं, दोन कर्ते. ज्याला गणपती करायचा होता तो मी, आणि मारुती झाला तो आपला आपण झाला. ही वाटणी मराठी माणूस कधी चुकत नाही. मी भाषांतरात नेमकी तीच पुसून टाकली होती.

त्या संध्याकाळी आप्पा आणि मी ओसरीवर बसून ते एक वाक्य घोळत राहिलो. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली.

मी म्हटलं, 'स्कॉट ध्रुवावर पोहोचला, पण अमुंडसेन आधीच पोहोचला होता.'

'अर्थ आला. दुखलं नाही,' आप्पा म्हणाले.

'स्कॉट ध्रुवावर पोहोचला खरा, पण...'

'हे बरं आहे. या "खरा"त दुखतंय थोडं.' हा 'खरा' मला फार आवडतो. आला खरा, केलं खरं, दिलं खरं. पुढे 'पण' येणार हे सांगून टाकणारा शब्द. 'ओन्ली'मधला सुस्कारा मराठीत कुठे असेल तर तो या 'खरा'त आहे. तरी आप्पांचं समाधान होत नव्हतं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'अगं, तुझी आजी गोष्ट सांगायची ते आठव. लाकूडतोड्या घरी येतो, दार लोटतो, आणि?'

'आणि बघतो तर काय!'

आप्पा हसले. 'घाल तेच.'

छापील पुस्तकात ते वाक्य असं आहे : 'मजल दरमजल करीत स्कॉट आणि त्याचे चार सोबती ध्रुवावर पोहोचले आणि बघतात तर काय, अमुंडसेनचा तंबू तिथे आधीच उभा!' इंग्रजीतला एकही शब्द यात जागेवर नाही, 'बघतात'मध्ये भूतकाळही नाही, आणि तरी हेच त्या वाक्याचं भाषांतर आहे असं मी आजही म्हणेन. जुन्या पिढीत याचंच आणखी आटोपशीर रूप होतं, 'जाऊन पाहतो तो घर रिकामं.' तो 'तो' आता बोलण्यातून जवळजवळ गेला. मला त्याची हळहळ वाटते, कारण एवढ्या एका अक्षरात उंबरठा ओलांडायचा क्षण मावत होता.

मुलांचं पुस्तक असलं तरी मला स्कॉटनं सोडलं नाही. नंतर त्याची रोजनिशी मिळवून वाचली. मोहिमेतल्या नोंदी दिवसादिवसाच्या आहेत. 16 जानेवारी 1912 ला दुपारच्या चालीत त्याचा सोबती बॉवर्स याच्या तीक्ष्ण नजरेला लांबवर काहीतरी दिसलं. आधी वाटलं कुणी खुणेसाठी रचलेला ढीग असेल, मग वाटलं वाऱ्यानं झालेली बर्फाची लाट असेल. थोड्या वेळानं पुढे एक काळा ठिपका दिसला, आणि बर्फात काळं नैसर्गिक काही असत नाही. जवळ गेले तर तो काळा झेंडा होता, घसरगाडीच्या दांड्याला बांधलेला. भोवती कुत्र्यांच्या पावलांचे ठसे. स्कॉटनं लिहिलं की सर्वांत वाईट होतं ते घडलंय. दुसऱ्या दिवशी ते प्रत्यक्ष ध्रुवावर होते, अमुंडसेननंतर 34 दिवसांनी. त्या दिवसाची नोंद सुरू होते ती अशी : 'ध्रुव. हो, पण अपेक्षेपेक्षा फार वेगळ्या परिस्थितीत.' आणि पुढे, ही जागा भयंकर आहे, आणि पहिलं येण्याचं फळ पदरात न पडता इथवर रखडत येणं हे तर आणखीच भयंकर, अशा अर्थाचं वाक्य.

त्या नोंदी मी तीनदा वाचल्या, मुद्दाम एकाच गोष्टीसाठी. तिथे 'ओन्ली टू फाइंड' कुठेच नाही.

हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. ज्याच्यावर बेततं तो माणूस 'ओन्ली टू' म्हणत नाही. म्हणूच शकत नाही. चालताना त्याला फक्त हेतू माहीत असतो, आणि मग काळा ठिपका दिसतो. 'ओन्ली टू' म्हणतो तो नंतरचा, गोष्टीचा शेवट ठाऊक असलेला. तो वरून बघतो, आणि त्याला सुरुवात आणि शेवट एकाच वेळी दिसतात. म्हणून त्याला शेवट उचलून हेतूच्या जागी ठेवता येतो, जणू नियतीनं या माणसाला पाठवलंच होतं ते हे बघायला. आप्पांनी ज्याला चूक म्हटलं होतं, 'म्हणजे हे बघायलाच गेला होता का?', ती शंका इंग्रजी वाक्याच्या पोटातच होती. इंग्रजी वाचक ती ऐकून पुढे जातो. मराठीत ती उघडी पडते.

आपलं 'बघतो तर काय' मात्र वरून बघत नाही. ते त्या माणसाच्या शेजारी उभं असतं. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची असो, क्रियापद वर्तमानकाळात येतं, आणि सांगणाऱ्यालाही दाराआड काय आहे ते जणू आत्ताच कळतं. आजीनं लाकूडतोड्याची गोष्ट आम्हाला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. त्या 'तर काय'पाशी ती दरवेळी डोळे मोठे करायची, आणि दरवेळी मला वाटायचं, तिला खरंच माहीत नाहीये.

सगळ्याच 'टू'ची अशी अडचण होते असं नाही. दोन हेतू समोरासमोर उभे असतील तर मराठी बिनघोर चालते. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातलं अँटनीचं भाषण आप्पा वर्गात हातवारे करून म्हणायचे : 'आय कम टू बरी सीझर, नॉट टू प्रेझ हिम.' मी सीझरला मूठमाती द्यायला आलोय, त्याचे गोडवे गायला नाही. '-आयला'समोर '-आयला', काही बिघडत नाही. उलट आपलं 'नाही' शेवटी येतं म्हणून घाव जरा जोरात बसतो. अँटनी पुढे बरोबर उलटं करतो, पण ते व्याकरणाच्या बाहेरचं. आपल्याकडे तर म्हणीच आहेत अशा. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे.

'हॅम्लेट'मधलं 'टू बी ऑर नॉट टू बी' मात्र वेगळ्या घरचं. तिथे हेतूही नाही आणि फळही नाही. काळ नाही, कर्ता नाही. नुसती दोन क्रियापदं तराजूच्या दोन पारड्यांत. आगरकरांनी 'हॅम्लेट' 1883 मध्ये 'विकारविलसित' या नावानं मराठीत आणलं, तेव्हापासून मराठी लेखकांनी या ओळीशी झोंबी घेतली आहे. शब्दकोशाप्रमाणे जायचं तर 'असणे की नसणे' होईल, आणि ते दगडासारखं पडेल. 1970 साली शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये ते 'जगावं की मरावं' झालं आणि मराठी माणसाच्या तोंडी बसलं. मला यातल्या प्रत्ययाचं कौतुक वाटतं. '-णे' कोरडं आहे, नाव ठेवून मोकळं होतं. '-आवं' मध्ये इच्छा आहे, कर्तव्य आहे, दुसऱ्याला विचारलेला सल्ला आहे. 'जाणं' आणि 'जावं' यांत जो फरक आहे तोच. 'टू बी' म्हणणारा विचार करत असतो. 'जगावं की' म्हणणारा कुणाला तरी विचारत असतो. 'मरावे परी कीर्तिरूपे उरावे' हे आपण फळ्यावर लिहीत आलो तेही याच '-आवे'च्या जोरावर, विरोधासकट.

आणखी एक तऱ्हा बघा. इंग्रजीत वाकण्यापेक्षा मोडणं बरं असं म्हणायचं तर 'बेटर टू ब्रेक दॅन टू बेंड' होईल, सगळं कर्त्याशिवाय, न्यायाधीशानं सांगावं तसं. आपण काय म्हणतो? 'मोडेन पण वाकणार नाही.' लगेच 'मी' येतो. मराठीत विरोध बहुतेक वेळा कुणाचा तरी असतो, हवेत लटकत नाही.

हे सगळं आता सांगायचं कारण, माझी ती जुनी चूक हल्ली सगळीकडे दिसते. मोबाइलवर बातम्या वाचते तेव्हा 'तो घरी परतला फक्त हे शोधण्यासाठी की चोरी झाली होती' अशी वाक्यं भेटतात. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना 'कधीही न परतण्यासाठी निघून गेले' असतं. नव्वदीपर्यंत जगलेल्या आजोबांबद्दल 'नव्वद वर्षांचे होण्यासाठी जगले' असंही एकदा वाचलं. लिहिणारा माणूस असो की यंत्र, दोघांनी पुस्तक मिटून ठेवलेलं नसतं. मला यात वाईट वाटतं ते मराठीच्या शुद्धतेसाठी नव्हे. शब्द तर भाषा घेत-देत असतातच. वाईट याचं वाटतं, की त्या वाक्यांत माणसांवर भलते हेतू लादले जातात. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला चोरी शोधायला धाडलं जातं. हेतू आणि नशीब यांतली जी रेघ आपली भाषा इतक्या काळजीनं राखते, ती कुणी बघत नसताना पुसली जाते.

आता ओट्सबद्दल.

त्याच गोष्टीत, शेवटाकडे, दुसरा 'टू' होता. परतीच्या वाटेवर स्कॉटची माणसं एकेक करून खचत होती. एडगर इव्हान्स फेब्रुवारीतच गेला. लॉरेन्स ओट्स घोडदळातला कॅप्टन. मोहिमेत येण्याआधी तो आपल्याकडे महूच्या छावणीत होता. तिथल्या उन्हातून हा माणूस अंटार्क्टिकावर गेला हे मला कळलं तेव्हा उगाच जवळचा वाटला. त्याच्या पायांना हिमदंश झाला होता. मला स्लीपिंग बॅगमध्ये इथेच सोडून पुढे जा, असं तो म्हणाला होता. सोबत्यांनी ऐकलं नाही. मार्चच्या मध्यावर एका सकाळी, बाहेर हिमवादळ सुरू असताना, तो तंबूबाहेर पडला. माझ्या पुस्तकात होतं : 'ओट्स वॉक्ड आउट इन्टू द ब्लिझार्ड, नेव्हर टू रिटर्न.'

मी पहिल्या खेपेला लिहिलं होतं, 'ओट्स हिमवादळात बाहेर पडला, कधीही न परतण्यासाठी.' स्कॉटच्या वाक्यावर शेरा मिळाल्यावर मी हेही खोडायला घेतलं. आप्पांनी हात धरला.

'हे राहू दे. हे बरोबर आहे.'

'तीच तर चूक आहे, आप्पा.'

'नाही. तिथे स्कॉट बघायला गेला नव्हता. हा मात्र न परतण्यासाठीच गेला. त्याच्यामुळे बाकीच्यांची चाल मंदावत होती, ते त्याला कळत होतं. इथे हेतू आणि फळ एकच आहे.'

मला उत्तर सुचेना. इंग्रजी 'टू' दोन्ही बाजूंना उघडा राहतो. 'नेव्हर टू रिटर्न' जहाजासोबत बुडालेल्या खलाशाबद्दलही म्हणता येतं आणि ओट्सबद्दलही. त्यानं ठरवलं होतं की त्याच्यावर ओढवलं, हे वाक्य सांगत नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही. मराठीत लिहायचं तर मला ठरवावं लागणार होतं. 'न परतण्यासाठी' म्हटलं की त्याचा निश्चय झाला. 'तो परतलाच नाही' म्हटलं की दैव झालं. मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं, ते सांगलीतल्या एका ओसरीवर बसून मी लिहायचं होतं, एका प्रत्ययानं.

ते पान मी तसंच ठेवलं. रोजनिशी वाचली ती खरं तर याच वाक्यासाठी. त्या सुमारास स्कॉटला तारखाही नीट लागत नव्हत्या, नोंदीवर 16 किंवा 17 मार्च असं लिहिलंय. 17 मार्च हा ओट्सचा वाढदिवस, बत्तिसावा. स्कॉट लिहितो की आदल्या रात्री तो झोपला तो पुन्हा जाग येऊ नये या आशेनं, पण सकाळी त्याला जाग आली. मग तो म्हणाला, मी जरा बाहेर जाऊन येतो, थोडा वेळ लागेल कदाचित. तो मृत्यूकडे चालला आहे हे आम्हाला ठाऊक होतं, आम्ही त्याला वळवायचा प्रयत्न केला, असंही स्कॉटनं लिहून ठेवलंय. पण प्रत्यक्ष जाण्याचं वाक्य अगदी साधं आहे. तो हिमवादळात बाहेर गेला आणि त्यानंतर आम्हाला तो दिसलेला नाही. त्याचं शरीर कधीच सापडलं नाही. उरलेले तिघं वाटेत ठेवलेल्या अन्न-इंधनाच्या पुढच्या साठ्यापासून 11 मैलांवर अडकले आणि तिथेच संपले.

मी नवं वाक्य लिहून आप्पांकडे नेलं. 'ओट्स हिमवादळात बाहेर पडला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.'

त्यांनी दोनदा वाचलं. 'इंग्रजीत "नेव्हर टू रिटर्न" होतं. ते कुठं गेलं?'

'तंबूतल्यांना ते माहीत होतं, आप्पा. पण त्यांनी तसं लिहिलं नाही.'

आप्पा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग पेन्सिल कानावर ठेवली आणि पान उलटलं.